शिकार की खरेदी ?

मोठ्या जनावरांची पहिली शिकार कशी आखावी, या विषयावर नवशिक्यास उपदेश करणाऱ्यांची आज जगात मुळीच वाण नाही. कोणत्या महिन्यात निघावे, कोणती रायफल न्यावी, किती दिवस मुक्काम ठेवावा, कोणत्या जनावरास किती द्रव्य मोजावे लागेल, आणि परतल्यावर त्याचे मुंडके दिवाणखान्याच्या कोणत्या भिंतीवर टांगावे, येथपर्यंत सर्व गोष्टींचा खल या उपदेशात झालेला असतो. एका प्रश्नाचा मात्र त्यात कोठे पत्ता लागत नाही. जनावर मिळाले नाही तर काय करावयाचे, हा तो प्रश्न होय. आमच्या मते पहिल्या शिकारीच्या आखणीत हाच प्रश्न सर्वांत आधी आला पाहिजे. ज्या बेतात रिकाम्या हातांनी परतण्यास जागा ठेवलेली नाही, त्यास शिकारीचा बेत म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे. तो खरेदीचा बेत होय, आणि खरेदीचे सर्व दोष त्यात ओघानेच येतात. एवढेच आम्हांस या लेखात प्रतिपादावयाचे आहे.

हा विषय या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकाऱ्यांच्या बंदुका खुंटीस टांगविल्या, आणि १९९१ साली त्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने उरल्यासुरल्या वाटाही बुजविल्या. माणसांवर उठलेल्या किंवा शेतीचा विध्वंस करणाऱ्या जनावराविषयी सरकारी परवानगीने जे काय होते, तेवढाच अपवाद. तेव्हा मराठी वाचकांपुढे शिकारीच्या आखणीची चर्चा करून काय साधणार, ही शंका वरवर पाहता रास्त दिसते. परंतु कायदा बंदुकीस अडवितो, हौसेस अडवीत नाही. आणि ज्यास विमानाचे भाडे परवडते त्याची हौस आता देशाच्या सीमेशी थबकत नाही. आमच्या परिचयाच्या एका सुविद्य कुटुंबातील चिरंजीवांनी नामिबियातील दहा दिवसांच्या शिकारीचा तक्ता आमच्यापुढे ठेवून, "सर, यात काही राहिले आहे का, ते पाहा," अशी विनंती केली. तक्ता चोख होता. त्यांच्या वडिलांनी आक्षेप घेतला तो खर्चाबद्दल. मातोश्रींनी चिंता व्यक्त केली ती मलेरियाबद्दल. ज्याच्यासाठी हा सर्व खटाटोप, त्या जनावराविषयी मात्र घरात कोणी अवाक्षर काढले नव्हते. शिकलेल्या माणसांच्या घरात एका जिवाच्या मरणाची चर्चा केवळ जमाखर्चाच्या भाषेत व्हावी, हे आम्हांस चिंत्य वाटते. आणि म्हणून हा लेख.

असल्या तक्त्यात सामान्यतः काय असते ते आधी पाहू. नवशिक्या शिकाऱ्यास बहुधा दक्षिण आफ्रिका अथवा नामिबिया हे देश सुचविले जातात. तेथील व्यवस्था चांगली, रस्ते बरे, आणि सिंह, हत्ती, रानम्हैस अशा धोक्याच्या जनावरांकडे न वळता नुसत्या कुरणांतील जनावरांवर हात बसविता येतो. पिळदार शिंगांचा कुडू, तलवारीसारख्या सरळ शिंगांचा गेम्सबॉक, चपळ इम्पाला, उड्या घेणारा स्प्रिंगबॉक, सुळ्यांचा वॉर्टहॉग, पट्ट्यांचा झेब्रा, ही पहिल्या सफरीची नेहमीची यादी. काळ मे ते सप्टेंबरचा. तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो; गवत बसलेले, झाडांची पाने झडलेली आणि पाणी मोजक्या ठिकाणी उरलेले, यामुळे जनावर नजरेस लवकर पडते. पाहुण्याबरोबर परवानाधारक मार्गदर्शक शिकारी असावा लागतो. त्याच्या पुढे माग काढणारा असतो, आणि नामिबियात तो पुष्कळदा सान जमातीचा असतो. ज्यास स्वतःची रायफल न्यावयाची नसेल त्यास ती तेथे भाड्यानेही मिळते. १९०६ सालापासून चालत आलेले 'थर्टी-ऑट-सिक्स' हे काडतूस कुरणांतील बहुतेक जनावरांस पुरे पडते. रानम्हैस व हत्ती यांसाठी १९१२ साली निघालेल्या 'तीनशे पंचाहत्तर'हून हलके हत्यार बहुतेक देशांत चालत नाही.

येथपर्यंत आक्षेपास जागा नाही. आक्षेप येतो तो पुढच्या पानावर, म्हणजे दरपत्रकावर. शिकारीचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक मुक्कामाचा रोजचा दर. तो शिकार मिळो वा न मिळो, द्यावाच लागतो. दुसरी प्रत्येक जनावरामागची फी. ती जनावर पडल्यावर द्यावयाची. इम्पालाची थोडी, गेम्सबॉकची अधिक, कुडूची त्याहून अधिक, अशी ती चढत जाते. आणि कित्येक ठिकाणी एकाच जातीच्या जनावराची फीदेखील शिंगांच्या लांबीबरोबर वाढते. जनावर केवळ जखमी होऊन निसटले तरी बहुतेक ठिकाणी पूर्ण फी घेतात. हा शेवटचा नियम आम्हांस सर्व दरपत्रकातील एकमेव शहाणा नियम वाटतो, कारण नवशिक्यास संयम शिकविणारा तेवढाच आहे. मुंडके व कातडे कमावणे, भुसा भरणे, पेट्यांतून जहाजाने रवाना करणे, चाकरमाणसांस बक्षिशी देणे, हा खर्च निराळा.

आता या दरपत्रकाचा नवशिक्याच्या मनावर काय परिणाम होतो, याचा वाचकांनीच विचार करावा. रानात पाऊल टाकण्यापूर्वीच रानातील प्रत्येक प्राण्यास किंमत चिकटलेली असते, आणि आपण कशाकशाचे गिऱ्हाईक आहोत हे ठरून गेलेले असते. मग चौथ्या दिवशी मार्गदर्शक म्हणतो की वारा फिरला आहे, आज कुडूच्या मागे जाण्यात अर्थ नाही. तेव्हा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो निराशेचा नसतो, फसवणुकीचा असतो. पैसे दिले आहेत, माल कोठे आहे ? मार्गदर्शकाची उपजीविका गिऱ्हाइकाच्या संतोषावर अवलंबून. तो किती दिवस तग धरणार? जेथे पायी जावयाचे तेथे मोटार जाते, जेथे थांबावयाचे तेथे घाई होते, आणि दीडशे मीटरांवरून सोडावयाची गोळी तीनशे मीटरांवरून सुटते. यात कोणी एक मनुष्य दुष्ट आहे असे नाही. हमखासपणाची अपेक्षा एकदा पत्करली म्हणजे भली माणसेसुद्धा पायरीपायरीने खाली उतरतात.

शिंगे मोजण्याच्या छंदाचेही असेच. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ साली जगातील मोठ्या जनावरांच्या शिंगांची मापे एकत्र करून ग्रंथ छापला, त्यामागे प्राणिशास्त्राची थोडीफार जिज्ञासा होती. पुढे त्या मापांची स्पर्धा झाली, आणि आता पहिल्याच सफरीस निघालेला तरुण जनावर ओळखण्यापूर्वी इंच ओळखू लागतो. म्हातारा होऊन शिंगे झिजलेला, कळपातून बाहेर पडलेला नर मारला तर कळपाचे फारसे नुकसान होत नाही. ऐन भरातील, लांब शिंगांचा नर मारला तर होते. मापाची फूटपट्टी नेमकी दुसऱ्याकडे बोट दाखविते.

हमीची मागणी वाढली म्हणजे हमी पुरविणारेही निर्माण होतात. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या एका कायद्याने पुरेशा कुंपणाच्या आतील वन्य जनावरे ही जमीनमालकाची मालमत्ता ठरली. या कायद्याचे काही सुपरिणाम झाले, त्यांचा उल्लेख आम्ही पुढे करणारच आहोत. परंतु जे मालकीचे झाले त्याची पैदास करून ते विकण्याची बुद्धी होणे स्वाभाविकच होते. सोनेरी रंगाचे वाइल्डबीस्ट, काळ्या रंगाचे इम्पाला, असली निसर्गात क्वचित आढळणारी रूपे मुद्दाम जोपासून वाढविण्यात आली, कारण त्यांस गिऱ्हाईक अधिक दाम देते. फुलबाजारात निळा गुलाब मागावा तशी ही मागणी. रानाच्या नावाने भरविलेल्या या बाजारात रान कितीसे उरते ?

या उताराची शेवटची पायरी म्हणजे पिंजऱ्यातील सिंह. मोकळ्या रानातील सिंहाची शिकार ही महाग, दीर्घ आणि पूर्णपणे बेभरवशाची. म्हणून दक्षिण आफ्रिकेत सिंह जनावरांच्या वाड्यांत जन्मास घालून, माणसाच्या हाताने दूध पाजून वाढविण्याचा आणि मोठा झाल्यावर कुंपणाच्या आत सोडून गिऱ्हाइकाकडून मारविण्याचा धंदा उभा राहिला. १९९७ साली ब्रिटिश टेलिव्हिजनवरील एका कार्यक्रमाने तो जगापुढे आणला. पुढे सरकारने असा नियम करू पाहिला की पाळलेला सिंह शिकारीपूर्वी निदान चोवीस महिने मोकळा राहिला पाहिजे. सिंहांची पैदास करणारे न्यायालयात गेले, आणि २०१० साली तेथील अपील न्यायालयात त्यांची सरशी झाली. २०२१ साली सरकारने हा धंदाच बंद करण्याचा मानस जाहीर केला व २०२४ साली मंत्रिमंडळाने त्या धोरणास संमती दिली. चोवीस महिन्यांचा तो नियम धंदेवाल्यांस एवढा का बोचला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोन वर्षे मोकळा राहिलेला सिंह माणसास टाळावयास शिकतो, स्वतःची शिकार स्वतः करू लागतो. आणि मग तो अमुक दिवशी अमुक झाडाखाली सापडेलच अशी हमी देता येत नाही. म्हणजे सिंहाचे सिंहत्व हेच त्या धंद्याच्या आड येत होते.

येथे दुसऱ्या बाजूचे लोक आम्हांस थांबवतील. ते म्हणतील, "तुम्ही वाईटातले वाईट उदाहरण घेऊन सर्व शिकारीस नावे ठेविता. शिकाऱ्याच्या पैशावरच आफ्रिकेतील रान तगले आहे, हे का सांगत नाही ?" सांगतो, आणि हात आखडून सांगत नाही. पांढरा गेंडा विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत शंभराच्या आत आला होता. संरक्षणाने तो वाढला, आणि १९६८ पासून त्याच्या मर्यादित शिकारीस परवानगी मिळाल्यावर खाजगी जमीनमालकांसही तो बाळगणे परवडू लागले. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांस आपल्या परिसरातील वन्य प्राण्यांच्या उत्पन्नावर हक्क मिळाला. अशा सामुदायिक संरक्षित क्षेत्रांची संख्या आता ८६ आहे आणि देशाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांनी व्यापला आहे. तेथे शिकारीच्या फीचा वाटा गावास जातो, मांस गावात वाटले जाते, आणि पिकात शिरणाऱ्या हत्तीकडे पाहण्याची गावकऱ्याची दृष्टी काही अंशी बदलते. उलट केनियाने १९७७ साली शिकार सर्वस्वी बंद केली. तरी १९७७ ते २०१६ या काळात तेथील कुरणांतील वन्य प्राण्यांची संख्या सरासरी सुमारे ६८ टक्क्यांनी घटली असे तेथील गणतीवरून दिसून आले. बोत्स्वानाने २०१४ साली बंदी घातली आणि २०१९ साली ती उठविली. बंदुकीस बंदी केली म्हणजे रान वाचले, इतके हे गणित सोपे नाही. कुंपणे, गुरे, नांगर आणि चोरटी शिकार यांचा हिशेब त्यात धरावाच लागतो.

हे सर्व मान्य केल्यावरही आमचा मुद्दा जागचा हालत नाही. किंबहुना तो अधिकच बळकट होतो. कारण रानाच्या उपकाराचा हा जो युक्तिवाद आहे तो कोणत्या शिकारीस लागू पडतो, हे नीट पाहिले पाहिजे. नामिबियातील गावकऱ्यांच्या मोकळ्या, कुंपण नसलेल्या मुलखात जनावर मिळण्याची हमी सर्वांत कमी, आणि रानास व गावास होणारा लाभ सर्वांत अधिक. पिंजऱ्यातील सिंहाच्या बाबतीत हमी शंभर टक्के, आणि रानातील सिंहास त्याचा लाभ शून्य. कारण ज्या सिंहास रान ठाऊक नाही त्याच्या मरणाने रान राखण्याची कोणास गरज पडत नाही. हमी जसजशी वाढत जाते तसतसा उपकार घटत जातो. तेव्हा मोकळ्या रानातील शिकाऱ्याने कमावलेले पुण्य दाखवून कुंपणातील खरेदीदाराने आपले पाप झाकू नये. एकाच्या नावावरची हुंडी दुसऱ्याने वटविण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा युक्तिवाद पौरुषाचा. शिकारीने अंगी धैर्य येते, शरीर कणखर होते, नेम साधतो, असे म्हणतात. हा विचार आपल्याकडे नवा नाही. मनूने मृगया ही कामापासून उपजणाऱ्या व्यसनांत पहिली गणली. परंतु कौटिल्याने मृगया आणि द्यूत यांची तुलना करताना मृगयेच्या पदरात काही गुण टाकले आहेत. शरीरास व्यायाम, चल व स्थिर लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव आणि पशूंच्या मनाची ओळख, असा त्याचा आशय. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापतीही राजापुढे हेच गुण गातो, आणि दमलेला विदूषक त्यास चिडतो. आता कौटिल्याच्या या कसोट्या आजच्या दरपत्रकास लावून पाहाव्यात. मोटारीतून पाणवठ्याजवळच्या लपणापर्यंत गेलेल्या मनुष्यास व्यायाम कसला ? तिवईवर टेकलेल्या दुर्बिणीच्या रायफलीतून चारा चघळणाऱ्या जनावरावर चाप ओढण्यात चल लक्ष्य कोणते ? आणि जो प्राणी माणसाच्या हातून खाऊन वाढला त्याच्या मनाची ओळख करून घेण्यास रानात जावयाचे कारणच काय ? हमीने शिकारीतून जे काढून घेतले ते कौटिल्याने वाखाणलेले सर्व गुण होत. ठेवला तो केवळ वध.

संस्कृत वाङ्मयातील मृगयेच्या कथा याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. दुष्यंताची योग्यता कालिदासाने पहिल्याच अंकात दाखविली, ती मृग पाडून नव्हे. तो आश्रमाचा मृग आहे, असे तपस्व्यांनी सांगताच चढविलेला बाण राजाने उतरविला. इतका वेळ रथ पिटाळून जे साधावयाचे ते हाताशी आले असता सोडून देण्याची ताकद, हे त्या राजाचे क्षात्र. उलट दशरथाने शरयूच्या काठी केवळ घागरीच्या आवाजावर बाण सोडला, आणि त्या एका बाणाने दोन कुळांचा नाश आरंभिला. आवाजावर नेम साधणे हे धनुर्विद्येतील मोठे कौशल्य खरे. परंतु लक्ष्य डोळ्यांनी पाहिल्यावाचून बाण सोडू नये हा नियम त्या कौशल्याहून मोठा होता. आजच्या कोणत्याही मार्गदर्शक शिकाऱ्यास विचारा. नवशिक्यास तो जो पहिला नियम सांगतो तो हाच.

आणि हमीच्या शिकारीचे फळ पाहावयास आफ्रिकेत जाण्याचीही गरज नाही. ते आपल्या देशात आपण भोगलेले आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा नेपाळच्या तराईत शिकारीस गेले तेव्हा दहा दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले. शेकडो हत्तींचे कडे करून जनावर मध्ये कोंडले म्हणजे बादशहाचा नेम चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. संस्थाने गेली तरी पद्धत गेली नाही. स्वातंत्र्यानंतर १९७० पर्यंत नागपूरसारख्या शहरांतून शिकार-कंपन्या चालत, आणि परदेशी पाहुण्यास ठरावीक मुदतीत वाघ मिळवून देण्याची तजवीज त्या करीत. त्यासाठी रेडे बांधले जात, मचाणे उभी राहत, हाके होत. वाघाच्या ऱ्हासास जंगलतोड व चोरटी शिकार यांचाही हातभार होता, हे खरे. परंतु १९७० साली वाघाच्या शिकारीस बंदी करावी लागली, आणि १९७२ च्या गणतीत वाघांचा आकडा अवघा १८२७ निघाला, या इतिहासात मुदतीच्या वाघाचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल ?

चित्त्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९४७ च्या सुमारास मध्य भारतातील कोरिया संस्थानच्या राजांनी एका रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते मारले. तिघेही नर, एकाच वयाचे, बहुधा एकाच विणीतले. भारतातील चित्त्याची शेवटची निश्चित नोंद म्हणून तीच सांगतात. त्या शिकारीचा वृत्तांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला, तेव्हा संपादकांस आपला संताप झाकता आला नाही. १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. मोटार, दिवा आणि रायफल ही तीन साधने एकत्र आली की चुकण्यास जागा उरत नाही. आणि जेथे चुकण्यास जागा नाही तेथे जनावरास जगण्यासही नाही. सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, आपण नामिबियातून आठ चित्ते आणून कुनोच्या रानात सोडले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आणले. ज्या दोन देशांकडे आमच्या चिरंजीवांच्या तक्त्याची नजर आहे, त्यांच्याच दारी आपल्याला चित्त्याची याचना करण्यास जावे लागले. निदान या ऋणाची जाणीव त्या तक्त्यात कोठेतरी असावी.

यावर कोणी आम्हांस विचारील, "आपण जन्मात कधी बंदूक धरली आहे काय ? नसल्यास आपला अधिकार काय ?" बंदूक धरली नाही, हे खरे. पण स्वयंपाक न येणाऱ्यासही आमटी खारट झाली हे कळतेच. आमचा सरळ सल्ला विचाराल तर जाऊच नये. दुर्बीण घेऊन जावे, आणि तीच पावले, तोच माग, तोच वारा अनुभवून जनावर जिवंत ठेवून यावे. परंतु ज्यास जावयाचेच आहे, आणि ज्यास ते कायद्याने मोकळे आहे, त्याने निदान आखणी तरी शिकाऱ्याची करावी. ती कशी, हे त्या विद्येतील जाणत्यांच्याच मताचा आधार घेऊन थोडक्यात सांगतो.

पहिली तयारी घरच्या घरी नेमाची. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, बसून, निवांतपणे लावलेला नेम रानात उपयोगी पडत नाही. तेथे उभ्याने, तीन काठ्यांच्या तिवईवर रायफल टेकून, धाप लागलेली असता गोळी सोडावी लागते. त्या स्थितीत ज्या अंतरावर आपल्या दहापैकी दहा गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात पडतात ते आपले अंतर. त्यापुढील जनावर आपले नव्हे. दुसरी तयारी शरीररचनेच्या अभ्यासाची. आफ्रिकेतील या जनावरांचे हृदय छातीत पुष्कळ पुढे आणि खाली असते. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. चित्रांत पाहून खांद्यामागे मध्यावर नेम धरणारा नवशिक्या जनावरास मारीत नाही, फक्त जखमी करितो. जखमी जनावर म्हणजे काय, हे २०१५ साली झिंबाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेबाहेर मारल्या गेलेल्या सेसिल नावाच्या सिंहाने जगास दाखविले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गळ्यात पट्टा बांधलेला तो सिंह बाण लागल्यावर कित्येक तास तसाच होता, आणि मग त्यास संपविण्यात आले. बाण सोडणारा नवशिक्याही नव्हता. तेव्हा जखमी जनावराच्या मागावर सबंध दिवस, लागल्यास दुसराही दिवस घालविण्याची तयारी ज्याच्या तक्त्यात नाही, त्याने चापास बोट लावू नये.

तिसरी तयारी प्रश्नांची. आणि ते प्रश्न पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावेत. जमीन कोणाची ? कुंपण आहे काय, असल्यास आत किती क्षेत्र ? जनावर तेथेच जन्मले की हंगामापूर्वी बाहेरून आणून सोडले ? फीतील किती वाटा गावास जातो ? मांसाचे काय होते ? मागकऱ्यास रोज काय मिळतो ? वयस्क नर न दिसल्यास मार्गदर्शक नाही म्हणेल काय ? ज्याच्याकडे सांगण्यासारखी उत्तरे आहेत तो ती आनंदाने देईल. जो या प्रश्नांस उत्तर न देता 'शिकार हमखास' एवढेच पुन्हा लिहितो, त्याचा पत्ता तक्त्यातून खोडावा.

चौथी तयारी सर्वांत अवघड, आणि तिला कवडीचाही खर्च नाही. यादीत पाच जनावरे असतील तेथे एक लिहावे, दहा दिवसांपैकी पहिले दोन बंदुकीवाचून रानात हिंडावे, आणि मार्गदर्शकास पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट सांगावे की, "मी जनावर न घेता परत गेलो तरी आपल्यास दोष देणार नाही, आपली बक्षिशी ठरल्याप्रमाणे मिळेल." या एका वाक्याने सर्व व्यवहाराचे स्वरूप पालटते. मार्गदर्शकावरचे ओझे उतरते, मागकऱ्याच्या विद्येस वाव मिळतो, आणि वारा फिरला असता परतणे ही हार न वाटता शहाणपण वाटू लागते. जनावरासही तेव्हाच काही संधी उरते. आणि ज्यास निसटण्याची संधी नाही त्याच्या वधास शिकार हे नाव देणे कोणत्याही प्रामाणिक शिकाऱ्यास आजवर रुचलेले नाही.

घरातील वडीलधाऱ्यांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. मुलाने परदेशी जाऊन जनावर मारले, तर खर्च किती आला आणि प्रकृती कशी राहिली एवढीच विचारपूस करून थांबू नका. ते कोठे वाढले होते, किती वयाचे होते, पहिल्या गोळीने गेले की नाही, आणि त्याचे मांस कोणी खाल्ले, हेही विचारा. या प्रश्नांची उत्तरे मान वर करून देता आली तर त्याच्या छंदाशी आमचा मतभेद राहील, पण त्याच्या माणुसकीविषयी शंका राहणार नाही. आणि उत्तरे नसतील, तर भिंतीवरच्या त्या मुंडक्याखाली पाहुण्यांच्या वाचनासाठी एक लहानशी पट्टी अवश्य लावावी. तिच्यावर नाव, गाव, शिंगांचे माप यांपैकी काही नको. पावतीचा आकडा तेवढा पुरे.